विझलेला दिवा आणि न विझणारी बॅटरी

मंडळी, एक सांगा. ज्याचं कारण कळत नाही, ते खोटं असतं का? माना डोलवू नका, अजून मी काहीच सांगितलं नाही!

ऐका तर. माणदेशात सुभाना नावाचा बेलदार होता. दगड फोडणारा माणूस, बोलणं कमी. त्याचा बाप गोंदाजी तरुणपणी जुन्या समाध्या उकरायचा, पुरलेल्या धनाच्या आशेनं. हो हो, चोरच! आज आपला गुरू चोर आहे, सावरून बसा.

मरताना गोंदाजीनं दोन्ही लेकांना सांगितलं होतं — समाधीत उतरण्याआधी दोरानं दिवा सोडा. विझला, तर आतला धनी जागा आहे. मग लिंबाची फांदी दोराला बांधून खालीवर करा, धन्याला वारा घाला, तीन दिवस तोंड उघडं ठेवा. आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच.

बाप गेला, पण हाव राहिली. माळावरच्या एका जुन्या समाधीची शिळा दोघा भावांनी भरदुपारी सरकवली. सुभानानं दिवा सोडला — विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. धाकटा तुळाजी मात्र चार बुकं शिकलेला! त्यानं खिशातून बॅटरी काढली आणि म्हणाला, "आबांचं म्हणणं काय, उजेड विझू नये. हा घे, विझतच नाही."

काय अक्कल, मंडळी! सुभानानं हट्टानं त्याच्या कमरेला दोर तेवढा बांधला.

तुळाजी उतरला. तळाशी बॅटरीचा उजेड पडला, लख्ख. सुभानानं हाक मारली — ओ नाही. पुन्हा मारली. उजेड तसाच, माणूस गप्प! सुभाना उडीच टाकणार, तेवढ्यात तुळाजीची बायको कोंडाई भाकरी घेऊन आली. तिनं दिराचं धोतर धरलं.

"भावजी, तुम्ही बी गेलासा तर मी कुणाकुणाला वढू? दोर धरा."

दोघांनी ओढलं. हात सोलले. तुळाजी वर आला तो निळा पडलेला. कोंडाई लिंबाच्या फांदीनं वारा घालत राहिली, सुभाना छाती चोळत राहिला. किती वेळ गेला, देव जाणे. मग तुळाजी खोकला, आणि सुभाना माळावर लहान पोरासारखा रडला.

पुढे गावच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. बंद जागेत खराब हवा साठू शकते, ती जड, तळाशी बसते. दिव्याला जी हवा लागते तीच माणसाला लागते. बॅटरीला कशाला लागेल? फांदी हलवली, तोंड उघडं ठेवलं, की ताजी हवा आत शिरते.

तुळाजीनं विचारलं, "म्हणजे धनी नव्हताच?"

सुभाना म्हणाला, "होता की. आपला आबा."

धनाचं काय झालं? बघा, आत्ता कसे डोळे उघडले! तुळाजीनं स्वतःच्या हातानं शिळा परत लावली आणि वर दिवा ठेवला. तो सकाळपर्यंत तेवला म्हणतात.

मंडळी, तुमच्याही घरात कुणीतरी असा दिवा सांगून ठेवलाय. कारण त्यालाही ठाऊक नसेल. म्हातारा जिवंत असेल तर जाऊन विचारा, "असं का?" नसेल तर हात जोडा. आणि आता सगळे मिळून एक लांब श्वास घ्या. घेतलात? फुकट मिळाला! ज्यानं दिला, त्याचं नाव घ्या.