कुरकुरणारी खुर्ची

— नाही, नाही, चहाचं नंतर बघू. आधी ती खुर्ची खाली ठेवा जावईबापू, कडेवर पोर घेतल्यासारखी किती वेळ धरून उभे राहणार? इथे ठेवा, भुशावरच ठेवा. झटकताय काय, सुताराच्या दुकानात भुसा नाही तर काय अत्तर सांडलेलं असणार? बसा, त्या स्टुलावर बसा. — हिला बोलवू म्हणता? बोलवू की. आत आहे, चुलीपाशी काहीतरी खुडखुड चाललीय तिची, कुठे पळून जात नाही. म्हणजे तुमचं म्हणणं असं, की खुर्ची नीट करून द्या, आणि बायकोही द्या, दोन्ही एकाच गाडीतून नेतो. सोय चांगली बघितलीत. उद्या तुमचे साहेब परत जेवायला येणार म्हणालात ना मघाशी? तेच साहेब? मग घाई असणारच. आता घाई खुर्चीची की हिची, ते मी विचारत नाही. मी कोण विचारणारा.

पण मला घाई जमत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. सांध्यात भरायचा सरस तापायला ठेवलाय, तो त्याच्या वेळेनं तापेल, तोवर बोलू. मला रागसुद्धा सावकाश येतो. हिची आई होती तेव्हा म्हणायची, या माणसाला सोमवारी चिमटा काढा, हा गुरुवारी आई गं म्हणेल. खोटं नाही. आज गुरुवारच आहे म्हणा. — नाही हो, हसा, हसायचीच गोष्ट आहे. तुम्हाला हसायला येतं लवकर, ते मी ऐकलंय.

त्या खुर्च्या बघितल्यात ना कोपऱ्यात, चादर टाकलेल्या? खानावळवाल्याच्या आहेत. तयार होऊन पडल्यात. त्याचा रोज फोन येतो आणि मी रोज सांगतो, पॉलिश वाळलं नाही. कसलं पॉलिश आणि कसलं काय, कधीच वाळलंय. पण या दुकानाची एक रीत आहे, तुम्हाला कोणी सांगितली नसेल. खुर्ची तयार झाली की तिच्यावर आधी ही पोरगी चढणार, उड्या मारणार, मागे रेलणार, पाय हलवणार — आणि मग म्हणणार, जाऊ द्या बाबा हिला. त्याशिवाय खुर्ची उंबऱ्याबाहेर जात नव्हती. एवढीशी होती तेव्हापासून. अंगानं तेव्हाही भरलेलीच, आमच्या घराण्याची हाडंच रुंद, मी आता वाळलोय म्हणून दिसत नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, ही कोण? मी म्हणायचो, ही आमची मुकादम. हिनं पास केली तर तुमच्या नातवंडांनाही खुर्ची पुरेल. आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, नाकाला भुसा लागलेला. तुमच्या लग्नात दिलेल्या खुर्च्या — या खुर्चीच्या बहिणी सगळ्या — लग्नाच्या आदल्या दिवशी दार लावून घेऊन एकेकीवर उड्या मारून पास केल्यात तिनं. नवरी मुलगी! मी म्हणालो, अगं पाय मोडशील. म्हणाली, बाबा, पाय मोडेल, तुमची खुर्ची मोडायची नाही.

आणि आता ती मुकादम खुर्चीवर बसत नाही. — काय? म्हणजे नाहीच बसत. कुठल्याच नाही. तुमच्याकडून आली त्या दिवसापासून बघतोय. जमिनीवर बसते, नाही तर पायरीवर, नाही तर उभीच असते. मला वाटलं पाठ दुखत असेल. म्हटलं, बस गं, या खानावळवाल्याच्या खुर्च्या पास करून टाक, माझा फोन तरी थांबेल. तर म्हणते, तुम्हीच बसून बघा बाबा. आता माझ्यात वजन कुठे आहे, मी बसलो तर मोडकी खुर्चीसुद्धा कुरकुरणार नाही.

मग एकदा सांगितलं तिनं. हसत हसत सांगितलं हो, एखादा विनोद सांगावा तसं. बाबा, गंमत ऐका, साहेब आणि त्यांच्या बाई जेवायला आलेल्या, मी वाढून झाल्यावर सगळ्यांत शेवटी बसले, घास घेते न घेते तोच काड्‌कन आवाज, आणि मी जमिनीवर, आणि डाळीची वाटी माझ्या मांडीवर. — हसली. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, सगळे हसले. मी विचारलं, आधी कोण हसलं? — आता मला सांगा, बापानं असला प्रश्न का विचारावा? पण विचारला. आणि ती खालच्या फरशीकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं आधी कोण हसलं.

थांबा, बोलू नका, माझं होऊ द्या. एकदा थांबलो की मला परत सुरू व्हायला वेळ लागतो. बाकीचं नंतर तिच्या तोंडून थोडंथोडं निघालं. तुमच्या मातोश्री म्हणाल्या, आता तरी तोंडाला आवर घाल. त्यांचं सोडा, त्या वयानं मोठ्या आहेत, त्यांना मी काय बोलणार. साहेब हसले, ते परके. पण तुम्ही? बायको जमिनीवर पडलीय, आणि तुम्ही साहेबांकडे बघून म्हणता, मी सांगतच असतो हिला, कमी खा. आधी हात द्यायचा असतो हो! कुत्रं पडलं तरी माणूस आधी यू यू करतो!

आणि दुसऱ्या दिवशी ती ताटली. लहान पोरांची, कडेला बदकं काढलेली. कुठेतरी ऐकलंत म्हणे तुम्ही, ताटली लहान असली की माणूस कमी खातो. ऐकलं असेल, मी नाही म्हणत नाही. मी शाळेत गेलेलो नाही, मला त्यातलं कळत नाही. पण मग घरातल्या सगळ्यांनाच का नाही आणल्यात बदकांच्या ताटल्या? तुमचं पोट काय आत गेलंय? ते बघा, शर्टाचं बटण हात जोडून उभं आहे तुमच्यापुढे. तुमच्यासमोर मोठं ताट, मातोश्रींसमोर मोठं ताट, आणि मधे हिच्यासमोर बदकं. ती बदकं ती बरोबर घेऊन आलीय, माहीत आहे? पिशवीतून काढली पहिल्या रात्री. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, सवय मोडायला नको.

आता तुम्ही म्हणणार, बाबा, मी तिच्या तब्येतीसाठीच सांगतो. हो, येतंय तेच तोंडावर तुमच्या. मग ऐका. तब्येतीचं मला सांगू नका. डॉक्टरांनी मला साखर सोडायला सांगितली, मी सोडली, एका शब्दानं विचारलं नाही. पालेभाजी खा म्हणाले, खातो. चाला म्हणाले, वखारीपर्यंत चालत जातो. पण त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, दार लावून. चारचौघांत माझ्या पोटाला बोट लावून हसले नाहीत. जेवण सांभाळून करावं माणसानं, कोण नाही म्हणतो? पण माझ्या घरात काय चाललंय बघा. सकाळी काळा चहा. दुपारी काकडी. जेवणाआधी दोन तांबे पाणी ढोसते, भूक मरावी म्हणून. संध्याकाळी बदकांच्या ताटलीत चमचाभर भात, आणि तोही ती मोजल्यासारखा चिवडते. परवा नळाशी वाकली आणि भोवळ येऊन पडली. भुवईवर खोक आहे, बोलवलं म्हणजे दिसेलच तुम्हाला. मी धावलो, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय बोलली ठाऊक आहे? फरशी फुटली का बाबा? — फरशी! 

आणि हे सगळं कशासाठी, तर तुमच्याकडे परत यायला. जरा वजन उतरलं की जाते म्हणते, मगच जाते. हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं. तिनं शपथ घातलीय. — राहू द्या, मोडली शपथ.

मी तिला सांगून बघितलं हो. म्हटलं, अगं, तुझ्यामुळे नाही मोडली, लाकूडच किडकं निघालं असेल, माझीच नजर चुकली. तर माझ्याकडे बघून म्हणते, बाबा, तुमचं लाकूड किडकं नसतं, मीच पास केली होती ना ती? मीच अंगानं वाढले तेवढ्यात. बघा! बापाच्या लाकडावर बोल येऊ नये म्हणून सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, आणि त्या अंगालाच शिक्षा करत बसलीय.

द्या ती खुर्ची इकडे. आडवी करतो. सरस झाला असेल. — मागचा पाय. हं. मागचाच पाय. आता बघू सांधा कुठे... हे काय आहे? नाही, हे. हे काळं. खुर्चीला काळा डाग कुठून आला? नखानं निघतंय. मेण आहे? नाही, वास घ्या. घ्या ना वास. बुटाचं पॉलिश आहे हे! आणि त्याच्याखाली — थांबा, माझा चष्मा —

खिळा.

मारलास ना शेवटी? — हो, तू म्हणतोय मी आता. लग्नापासून अहो-जाहो केलं, जावई म्हणून पायरीपर्यंत सोडायला आलो दर वेळी, आता पुरे झालं. तू मला फोन केला होतास, आठवतंय? उन्हाळ्यात. बाबा, एक खुर्ची कुरकुरते, खिळा मारू का? मी म्हणालो, मारू नकोस रे राजा, खिळ्यानं सांध्यात चीर जाते, आज नाही तर महिन्याभरानं पाय निखळतो, तू तशीच आण, मी सरस भरून देतो. तू म्हणालास, बरं बाबा. मोडली म्हटल्यावर माझ्या मनात आलं होतं ते. आलं, आणि मी ते गिळलं. म्हटलं, नसेल, माझा जावई असा नाही, आणि असलंच तर हिला कळायला नको, संसार आहे. तोंड दाबून बसलो मी! तिच्यासमोर माझ्या लाकडाला किडकं म्हटलं मी, तुझ्यासाठी! आणि तू खिळा मारलास, वर पॉलिश फासलंस, कुणाला दिसू नये म्हणून, आणि मग — खाली बस, अजून झालं नाही माझं — मग साहेब आले तेव्हा ही खुर्ची कुणाला दिलीस? साहेबांना नाही दिलीस. आईला नाही दिलीस. स्वतः नाही बसलास, तुला ठाऊक होतं ना ती कुठली! कुरकुरणारी खुर्ची बायकोला. ती मोडली, आणि खिळा कुणी मारलाय ते ठाऊक असलेला घरात एकच माणूस, तोच सगळ्यांत आधी हसला!

आणि नंतर तरी सांगायचं होतंस. एक वाक्य होतं रे. अगं, माझ्या खिळ्यानं मोडली. झालं. ती उपाशी मरतेय तुझ्या एका वाक्यापायी! आणि समज, खिळा नसता. समज, तिच्याच भारानं मोडली असती — तर? तर खुर्ची वाईट म्हणायची, आणि दुसरी रुंद करायची! माणूस तासतात का रंध्यानं? सांग ना! मी जन्मभर लाकूड तासलं, मला नाही कधी सुचलं पोरीला तासावं!

— काय गं? नाही, मी ओरडत नाही. खोकला आला. तू जा आत, जा, काही नाही, जावई आलेत, खुर्ची...

ऐकलंस तू. किती ऐकलंस? — बरं. बरं. दाखवतो. हा बघ. इथे बोट लाव. हा खिळा. कधीचा म्हणतेस? उन्हाळ्यातलाच. — त्याला काय विचारतेस, तो बघ कसा भुशाकडे बघतोय. 

अगं, कुठे निघालीस? ऐक ना. शिव्या दे, माझ्यावर तरी चीड —

ती चादर कशाला काढतेस? अगं, ती खानावळवाल्याची — असू दे. असू दे, घे. मधलीच घे, ती चांगली बसलीय. हं, रेल. रेल मागे. — आणि ते झाकलेलं ताट आहे ना चुलीपाशी, ते माझं आहे गं, मी अजून... नाही, नाही, तेच घे, आण. भात आहे, भाजी आहे. बदकं राहू दे तिथेच.

...तू उठलास? ऊठ. नाही, तिच्याशी आता काही बोलायचं नाही. उद्या बोल, परवा बोल, तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. साहेबांना सांग, घरात एक खुर्ची कमी आहे. ही मोडकी इथेच राहू दे. खिळा मी काढतो, तो मात्र तू घेऊन जा, हात पुढे कर. धर.

आता जा. आणि दार हळू लाव. ती जेवतेय.