किल्ली काढली, तरी चालूच!

"किल्ली काढल्यावर गाडी जोवर धडधडतेय, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही!" हा आमच्या घरचा नियम. का? तर नाना बोलतायत. कोण नाना? तर आमच्या आईचे मामा, घराण्याचे म्होरके, बँड लावून, अख्ख्या किनाऱ्याला जेवू घालून आम्हीच पुरलेले. मग ते बोलतात कुठून? तर कार्ब्युरेटरमधून! आणि हे विचारायचं नाही हं, लहानपणापासूनची तंबी आहे, मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं, "का" म्हटलं की मक्याच्या केंकीचा घास काढून घ्यायचे पानातला!

तुम्हाला सांगते, मी मोठ्या शहरात, कुमासीला जाऊन इंजिनं शिकले. घराण्यातली पहिली! ताकोराडीच्या बंदरात, बोटींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली, सोमवारी हजर व्हायचं, बॅग भरली, आणि एबोमामा म्हणतात, "आधी नानांना विचारू." आता मामा म्हणजे नानांच्या जागी बसलेले, त्यांना कोण नाही म्हणणार? निघाली वरात. नानांची ती जुनी फ्रेंच गाडी, मामा स्टिअरिंगवर, शेजारी मान्सामावशी, मागे घराण्यातले दोन म्हातारे, आणि मी बाहेर, खिडकीशी उभी, आरोपीसारखी! मामांनी बॉनेटवर दारूचे थेंब शिंपडले, गाडी सुरू केली, चांगली तापू दिली आणि विचारलं, "नाना, आपल्या अराबाला ताकोराडीला जाऊ द्यायचं का?"

आणि किल्ली काढली.

लगेच गप्प झाली तर होकार. धापा टाकत राहिली तर नकार. असा कायदा! आणि गाडी... धड्... धड्... फुर्र... खॉक्... धड्... बॉनेट हलतंय, आरसा हलतोय, मागच्या म्हाताऱ्यांच्या हनुवट्या हलतायत, सगळे माना खाली घालून गप्प. किल्ली काढली, तरी गाडी चालूच! शेवटी एक मोठी ढेकर दिली तेव्हा कुठे थांबली.

"नकार," मामा म्हणाले.

"किती कळवळून सांगितलं गं म्हाताऱ्यानं!" मावशीनं डोळे पुसले.

"मामा, अहो गाडीला आजार आहे हा!"

"आजार तुला झालाय. शिक्षणाचा."

आता सांगा! मी म्हटलं ठीक आहे, गाडीच दुरुस्त करते, मग बघू नाना कसे बोलतात. मामा म्हणाले, "कर की. पुढच्या रविवारी पुन्हा विचारू." मी वर्कशॉपला फोन करून आठवडा मागून घेतला, बॉनेट उघडलं आणि... मला काही कळेना! किल्ली काढली म्हणजे ठिणगी बंद. ठिणगी बंद म्हणजे जाळ बंद. मग हे पेटतंय कशावर? पुस्तक म्हणतं, आतली काजळी तापून निखाऱ्यासारखी लाल होते, तिच्यावर पेट्रोल पडलं की भडकतं. बरं! हेड उघडलं, काजळी खरवडली, नखं काळी, नाक काळं, प्लग नवे घातले, गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग स्क्रू पिळून कमी केला, सगळं पुस्तकाबरहुकूम. किल्ली फिरवली, तापवली, काढली...

किल्ली काढली, तरी गाडी चालूच!

तेवढ्यात आला आमचा अट्टा फिटर. गावातल्या सगळ्या गाड्या यानंच वाढवल्यात, म्हणजे यानंच बिघडवल्यात. त्यानं काय करावं? टोपी काढली आणि बॉनेटला कान लावला!

"नानांचा आवाज आज जरा बसलाय, अराबाताई."

"अरे, मी काजळी काढली म्हणून बसलाय!"

"घसा साफ केलात म्हणा की."

डोकं आपटावं की नाही? आणि वर मावशी खिडकीतून ओरडते, "अगं, फोटोला दिवा लावला तेव्हापासून बोलायला लागलेत ते! आधी किल्ली काढली की गपचिप असायचे." डॅशबोर्डवर नानांचा फोटो आहे, त्याला एक छोटा लाल दिवा. मी हसले. खूप हसले. मग... हसता हसता थांबले. दिवा लावला, तेव्हापासून?

दिव्याची वायर धरली आणि मागे मागे गेले. डॅशबोर्डखालून, भोकातून, बॉनेटमध्ये, थेट कार्ब्युरेटरपाशी! तिथे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, विजेवर चालणारा. किल्ली फिरवली की पेट्रोलची वाट उघडतो, काढली की बंद करतो. त्याची वायर काढून नानांना दिवा लावलेला!

"अट्टा, हे कुणी केलं?"

"मीच की," छाती फुगवून म्हणतो. "वायर काढल्यावर गाडी उभी राहिली की मरायची. मग मी व्हॉल्व्हमधली सुईच मोडून टाकली. तेव्हापासून मरतच नाही!"

म्हणजे बघा हं... पेट्रोलची वाट कायमची उघडी, म्हणून गाडी बोलते. वाट उघडी का, तर नानांना दिवा लावला म्हणून. म्हणजे मावशी बरोबर? मग मी कशाला शिकले? की मीच बरोबर, आणि मावशी उगाचच बरोबर? मला आजही कळत नाही, खरं सांगते!

कुमासीच्या भंगारबाजारातून तसलाच व्हॉल्व्ह मागवला, बसवला, त्याची वायर त्याला दिली, नानांना वेगळी दिली, चांगली जाड. किल्ली काढली... टक्. गप्प! मी भर रस्त्यात नाचले हो!

रविवार. सगळे गाडीत आपापल्या जागी, मी खिडकीशी, आणि पलीकडे हे कोण? आर्हिनसाहेब! बर्फातले मासे विकणारे, दोन गोदामांचे मालक, बायको वारलेली, नवाकोरा सदरा, अत्तर असं की मासेसुद्धा पळावेत. हे कशाला आले? मला काही कळेना. मामांनी थेंब शिंपडले, गाडी तापवली आणि म्हणाले,

"नाना, नोकरीचं तुम्ही मोडलंतच. आता आपल्या अराबाला आर्हिनसाहेबांच्या घरी द्यायची का?"

"अहो मामा, हा प्रश्न नव्ह—"

किल्ली काढली. टक्!

एवढी शांतता त्या गाडीत कधी झाली नव्हती. मग मावशी किंचाळलीच, "होकार! बाई गं, केवढा झटकन होकार!" मागचे म्हातारे टाळ्या वाजवतायत, आर्हिनसाहेब कॉलर नीट करतायत, आणि मी... मी स्वतःच्या हातानं काजळी खरवडून, नखं मोडून, स्वतःचं लग्न ठरवलेलं!

"मी नाही करणार!"

"संपला विषय," मामांनी किल्ली माझ्या नाकासमोर नाचवली. "किल्ली काढलीय. आता गप्प बसायचं."

"काढलीत ना? काढा! मी नाही बसणार गप्प! हे लग्न मी करणार नाही, उद्या ताकोराडीला जाणार, तुमच्या गाडीनं नाही, बसनं जाणार, आणि परत विचारलंत तरी नाही, दहा बाटल्या ओतल्यात तरी नाही, नाही म्हणजे नाही..."

मामा काही बोलणार, तोच मावशीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तिनं गप्प पडलेल्या बॉनेटकडे पाहिलं, मामांच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शू..." ती कुजबुजली. "किल्ली काढलीय... तरी ही चालूच आहे."

मागच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मामांनी मान खाली घातली. आर्हिनसाहेबांनीसुद्धा! मी आपली नाही, नाही, नाही, दम संपेपर्यंत. आणि एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ! पहिल्यांदा हो, जन्मात पहिल्यांदा, घरातल्या सगळ्या मोठ्यांनी मुकाट्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं...

माझं नव्हे. नानांचं.