शुद्धिपत्राची चिठ्ठी

आज्ञाधारकपणा माणसाला कसा गोत्यात आणतो, ते सांगतो. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव साल असेल. राहुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. पुणतांब्याच्या एका नानांनी पेरूच्या बागेवर पुस्तक छापलं होतं, ते मी इंटरनेटवर टाकायला घेतलं. देतानाच नानांनी दम भरला, "एक अक्षर बी बदलायचं न्हाई."

मी कशाला बदलतोय! मुखपृष्ठापासून शेवटी चिकटवलेल्या शुद्धिपत्राच्या चिठ्ठीपर्यंत सगळं जसंच्या तसं टाइप केलं आणि नानांना दाखवायला बोलावलं. नाना खुशीत वाचत होते. फवारणीपाशी आले आणि थांबले.

"एक लिटर औषध दहा लिटर पाण्यात? आरं, बागा जळतील लोकांच्या!"

"नाना, तुमच्याच पुस्तकात तसं आहे."

"ती छापखान्याची चूक. शंभर लिटर पायजे. मागं चिठ्ठी न्हाई का लावली?"

"तीही टाकलीये की," म्हणत मी शेवट उघडून दाखवला. 'पान बत्तीसवर दहाऐवजी शंभर वाचावे.'

"लेका, छापलेलं पुसता येत न्हाई म्हणून आमी चिठ्ठी लावली. तुला तर जागेवर दुरुस्त करता येत हुतं!"

मी दहाचे शंभर केले आणि चिठ्ठी पुसायला गेलो, तर नानांनी माझा हात धरला.

"ती राहू दे. ज्यांच्या घरी छापलेलं पुस्तक हाय, त्यांची चिठ्ठी कवाच गळून पडली असंल."