आजीची नक्कल

आचोळ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मनोरमाबाई थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक आजोबाही तसेच बसले होते, आणि त्यांची नात मोबाइलवर कार्टून लावून त्यात काय चाललंय ते त्यांना सांगत होती.

"आता दरोडेखोर कावळा गावात शिरतोय, आजोबा."

"शीळ ऐकली मी. ही डाकूंच्या जुन्या सिनेमांची नक्कल. गिरीजला तंबूत बघायचो आम्ही."

"डोळे मिटून ही सातवी नक्कल ओळखलीत! मला एकही नाही ओळखता आली."

"मूळ सिनेमा बघितलाच नाहीस, मग हसतेस कशी?"

"नक्कल भारी असली की मूळ नाही बघितलं तरी चालतं. आजीचं तसंच आहे ना."

"आजीचं काय?"

"तुम्ही करता ना तिची नक्कल? कमरेवर हात ठेवून वाडीभर ओरडते, 'अहो, लोंगर उतरवा, केळी पिकून गळायला लागली!' मी कुठे बघितलंय तिला? पण मला ती तश्शीच दिसते."

"ते कार्टून बंद कर जरा."

"काय झालं?"

"ती ओरडायची नाही गं. तुम्ही पोरं हसता म्हणून मी आवाज चढवत गेलो."

"मग कशी बोलायची?"

"अगदी हळू. जवळ गेल्याशिवाय ऐकूच यायचं नाही."

"तशी करून दाखवा ना."

मनोरमाबाईंनी नकळत कान दिला. शेजारचा बाक करकरला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"परत एकदा," नात म्हणाली, तीही हळूच.