दोन गोलकीपर आणि एक बाकडं

आजच्या या हृद्य समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच आदरणीय नीराबाई, दिघीहून निघालेले पण या क्षणी फेरीबोटीतच असलेले आपले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर विराजमान झालेले ज्येष्ठ गोलकीपर दत्तात्रेय नाखवा, तितकेच ज्येष्ठ गोलकीपर भावेशशेठ, उसळती लाट क्रीडा मंडळाचे आजी-माजी खेळाडू, माताभगिनींनो, आणि सुरमई तळल्याचा वास आल्याबरोबर पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत सरकलेल्या तमाम फुटबॉलप्रेमींनो,

'तितकेच ज्येष्ठ' हा शब्द मी जपून वापरला आहे. या दोघांत थोरला कोण, हा विषय जाहीर सभेत काढायचा नाही असा आपल्या मंडळाचा ठराव आहे. मागे एकदा तो निघाला होता, तेव्हा खुर्च्या भाड्याच्या होत्या आणि त्यातल्या काही परत करता आल्या नाहीत.

प्रथम माझी ओळख करून देतो, कारण बऱ्याच जणांना मी पाणी देणारा वाटतो. मी निकेत. मंडळाचा राखीव गोलकीपर. मंडळात आलो तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं, आता मिशी पिकायला लागली आहे. इतक्या वर्षांत मी एकही गोल खाल्लेला नाही. मंडळाच्या इतिहासात एकही गोल न खाल्लेला मी एकमेव गोलकीपर आहे. नको, टाळ्या नकोत. मला एकदाही खेळवलेलं नाही, हे त्यामागचं कारण आहे.

मंडळी, फुटबॉलमध्ये पळणारे दहा असतात. एखादा दमला, लंगडला, रुसला, तर दुसरा जातो. गोलात मात्र जागा एकच. मोठमोठ्या देशांनासुद्धा ही अडचण येते. एकाच देशात, एकाच काळात, दोन तोडीचे गोलकीपर जन्माला येतात आणि सगळा देश चहाच्या टपरीवर बसून भांडतो, हा भारी की तो? आपला देश तो केवढा, जेट्टीपासून मच्छी सुकवायच्या ओट्यांपर्यंतचा. पण दोन गोलकीपर आपल्यालाही झाले. आणि ते वाटून घेण्यासाठी आपण काय केलं? अर्धी मॅच नाखवा, अर्धी मॅच शेठ. पुढच्या मॅचला उलट. जगात कुठे असं करतात का, मला माहीत नाही. करत असतील तर तिथेही एक निकेत असेल, त्याला माझा नमस्कार सांगा.

या दोघांची तुलना करायला माझ्याइतका लायक माणूस नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. कारण दोघांचा खेळ मी बसून पाहिला आहे. तुम्ही मध्येच वडापाव आणायला जाता. मी बाकड्यावरून उठलेलो नाही.

नाखवांचं तत्त्व एकच, पकडलं ते सोडायचं नाही. समुद्रातून आलेलं जाळं आणि पायातून आलेला बॉल यांत ते फरक करत नाहीत. आपलं मैदान म्हणजे ओहोटीला समुद्राने उसनी दिलेली वाळू. मॅचची वेळ पंच ठरवत नाहीत, भरती ठरवते. तळा गावच्या टीमबरोबरची ती फायनल आठवते ना? पंच उशिरा आले, मॅच उशिरा संपायला आली, आणि समुद्राकडच्या गोलात नाखवा गुडघाभर पाण्यात उभे होते. बॉल तरंगत आला. नाखवांनी तो छातीशी धरला. शिटी झाली, मॅच संपली, बक्षीस समारंभ झाला, नाखवा बॉल सोडेनात. शेवटी घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या सोनूबाईंनी तो मंडळाला आणून दिला, माशाच्या पाटीतून, वर बर्फ घालून.

आणि नाखवा झेप घेत नाहीत. मी एकदा विचारलं, नाखवा, बॉल बाजूने जातोय तर पडत का नाही? म्हणाले, "नाखवा होडीत पडत न्हाय, तं जमिनीवर का पडल?" बिनतोड युक्तिवाद. गोल झाला होता, तो भाग वेगळा.

भावेशशेठांचं याच्या नेमकं उलटं. दुकान असो की गोल, आलेला माल अंगावर ठेवायचा नाही. बॉल आला की गुद्दा मारून लगेच पुढे. त्यांनी मारलेला एक बॉल अजून आगरदांड्याच्या खाडीत कुठेतरी फिरतो आहे. शेठ झेप मात्र घेतात, आणि काय डौलाने घेतात! बॉल गेल्यावर घेतात, पण प्रेक्षकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

पेनल्टीला तर दोघांना पाहावं. नाखवा समोरच्याकडे नुसते बघतात, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे. शेठ बोलतात. पोरगा बॉल ठेवून मागे सरकला की हे गोलातून, "अरे भाई, पप्पांचा गुडघा कसा आहे? तेल लावतात ने बराबर?" पोरगा संस्कारी असतो. तो म्हणतो, बरा आहे काका. तेवढ्यात शिटी होते आणि बॉल पोराच्या पायातून थेट समुद्रात जातो.

मग श्रेष्ठ कोण? शेठ, पुढे वाकू नका, उत्तर एवढ्यात येत नाही.

माझ्या कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण सांगतो. पालीच्या टीमबरोबर मॅच होती. नाखवांना सणकून ताप, शेठांचा अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला. कॅप्टनने हातमोजे माझ्याकडे फेकले. मी ते घातले. गोलात गेलो. दोन्ही खांबांना हात लावून पाहिला. वाळूत टाचेने रेघ ओढली. बायकोने लांबून फोटो काढला. तेवढ्यात रस्त्यावर एक मिनिडोर रिक्षा थांबली आणि तिच्या एका बाजूने घोंगडी पांघरलेले नाखवा उतरले, दुसऱ्या बाजूने अंगठ्याला फडकं बांधलेले शेठ. नाखवांना कळलं होतं की शेठ येतायत. शेठांना कळलं होतं की नाखवा येतायत. दोघांना घेऊन येणारी रिक्षा एकच होती, पण वाटेत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दोघेही गोलात उभे राहिले. पंचांनी मोजलं तर आपले बारा भरत होते. काढलं कुणाला? मला काढलं. मी तर त्या बारांत नव्हतोही, मी तेरावा होतो.

हसा, हसा. मीही हसतो. पण आता जरा मुद्द्याकडे वळतो.

गेली काही वर्षं मंडळ दोघांनाही हात जोडून सांगत आहे की आता थांबा. नाखवांचं उत्तर, "शेठ आदी जाऊं दे, मंग बगू." शेठांचं उत्तर, "पहिले नाखवा. मोठा माणूस आहे, त्याचा मान. मी तर अजून छोकरो आहे." छोकऱ्याला मागच्या मॅचला वाळूतून उठवायला चार जण लागले. नाखवांना बॉल दिसत नाही, ते आवाजावरून पकडतात. जो आधी थांबेल तो हरला, असं दोघांनी मनाशी धरलं आहे. म्हणून दोघेही थांबत नाहीत.

तेव्हा, अध्यक्ष महोदया, आपल्या परवानगीने आजच्या समारंभाचा खुलासा करतो. मागे लावलेल्या फलकाकडे आपण पाहिलंत का? त्यावर नुसतं 'निरोप समारंभ' लिहिलं आहे. कोणाचा, ते लिहिलेलं नाही. पेंटरचा दोष नाही, आम्हीच तसं सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात मी नाखवांकडे गेलो आणि म्हणालो, शेठांचा निरोप समारंभ आहे, शाल-श्रीफळ तुमच्या हस्ते. नाखवांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बिच्चारा! जेवनाची मच्छी माजी." तिथून उठून मी शेठांकडे गेलो आणि म्हणालो, नाखवांचा निरोप समारंभ आहे, शाल-श्रीफळ तुमच्या हस्ते. शेठ गदगदून म्हणाले, "अरेरे, शेवटी वय होतंच ने! मांडव माझा."

म्हणून आज मांडवही झोकात आहे आणि सुरमईही. आणि म्हणूनच दोघेही एवढ्या प्रसन्न मुद्रेने, मांडीवर एकेक शाल घेऊन बसले होते. होते, असंच म्हणायला हवं. नाखवा, बसा. बसा हो. शेठ, जिना तिकडे नाही, तिकडे पडदा आहे. नीराबाई, जरा अडवा दोघांना. धन्यवाद.

आपल्याकडे रीत आहे, चारचौघांत शाल अंगावर पडली की माणूस निवृत्त. मग परत मैदानात उतरायचं नाही. म्हणून मी विनंती करतो की दोघांनी एकाच क्षणी एकमेकांच्या खांद्यावर शाल घालावी. आधी कोणी नाही, मागून कोणी नाही. मी तीन म्हणेन तेव्हा.

हे सगळं मी का केलं? खोटं कशाला बोलू, मंडळासाठी नाही केलं. माझी मुलगी प्राप्ती, ती बघा तिसऱ्या रांगेत, तिने मागच्या महिन्यात मला विचारलं, "बाबा, तुम्ही मॅचला जाता तेव्हा काय करता?" मी म्हणालो, बसतो. ती म्हणाली, "ते तर तुम्ही घरीपण करता." मंडळी, ते मला फार लागलं. माझेही गुडघे आता कुरकुरतात. उद्या दुपारी ओहोटीला तळ्याच्या टीमबरोबर मॅच आहे. मला एकदा गोलात उभं राहायचं आहे. हरू दे, सहा गोल बसू देत, पण ते माझ्यावर बसू देत. एवढंच मागणं आहे.

एक मिनिट. ते दोघं एकमेकांच्या कानात बोलतायत. हे मी जन्मात पाहिलेलं नाही. मला जरा भीती वाटते आहे. पण ते उठले, शाली उघडल्या, फार छान. सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणा. एक. दोन. ती…

अहो, इकडे काय? नाखवा, शेठ तिकडे आहेत. शेठ, माझ्या नाही, त्यांच्या खांद्यावर… अहो!

मंडळी, दोन्ही शाली माझ्या अंगावर आल्या आहेत. एका हातात एक नारळ दिला, दुसऱ्या हातात दुसरा. नीराबाई, तेवढा माईक माझ्या तोंडाशी धरता का? आभारी आहे. एकदाही न खेळता निवृत्त झालेला पहिला गोलकीपर म्हणून… काय म्हणता, नाखवा? मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. नाखवा म्हणतात, "आमी रिटायर न्हाय. तू रिटायर. बाकड्यावरून." आणि शेठ म्हणतात, "अरे भाई, बाकडा खाली कर. आम्हाला दोघांना बसायला जागा पाहिजे ने!"

जरा थांबतो. दोन्ही हातांत नारळ असल्यामुळे डोळे पुसता येत नाहीत.

म्हणजे उद्या दोघेही निवृत्त नाहीत, दोघेही राखीव. कोणी आधी गेलं नाही, कोणी हरलं नाही. हे मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही? शेठ, काय? पहिला राखीव तुम्ही? नाखवा म्हणतात पहिला राखीव ते. माफ करा, हा प्रश्न जेवणानंतर घेऊ, आणि आजही खुर्च्या भाड्याच्या आहेत हे कृपया लक्षात ठेवू.

श्रेष्ठ कोण, याचं उत्तर द्यायचं राहिलं. मला माहीत नाही. बाकड्यावरून दोघेही सारखेच मोठे दिसायचे. उद्या गोलातून बाकड्याकडे पाहीन, मग सांगेन.

अध्यक्षांचे, मच्छीवाल्यांचे, मांडववाल्यांचे, आणि आता जेट्टीला लागले असतील तर प्रमुख पाहुण्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. दोन्ही नारळ मी अजून पडू दिलेले नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या. एकही गोल न खाल्ल्याचा माझा विक्रम उद्या मोडणार आहे, बहुधा पहिल्याच मिनिटाला. त्या चुकीची क्षमा मी आजच मागून ठेवतो, कारण उद्या मला वेळ नसेल.

प्राप्ती, उद्या बाबा बसणार नाहीत.