दार वाऱ्याने लागले

नाव वर लिहिले आहे तेच, पण त्या नावाने हाक मारणारे आता कोणी नाही. सगळे शिलाईआजी म्हणतात. वय ७४. धंदा शिवणकाम, चाळीस वर्षे. त्यातच पाठ गेली. राहणार तिसरा मजला, समोर सलून. घरात मी आणि मुलगा, दोघेच.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते, की मी जीव द्यायला निघाले नव्हते. जबाब उभ्याने देत आहे, कारण इथली खुर्ची बुटकी आहे. बसले तर दोघांनी उठवावे लागेल.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितले आहे, की आधार धरून रोज एका पायावर उभे राहायचे, दहा मोजायचे, मग दुसरा पाय. मी ते गॅलरीत कठडा धरून करते. गेल्या वर्षी तिथे पडल्यापासून मुलाने मला गॅलरीत जायला मनाई केली आहे आणि तिथली खुर्ची काढली आहे. जिन्यात पडू नये म्हणून जाताना तो बाहेरून कुलूपही लावतो.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगा आतून म्हणाला, "आई, निघतो गं." मी गॅलरीतून "हं" म्हणाले. तेव्हा एका पायावर सात मोजून झाले होते. झटकन वळले की तोल जातो, म्हणून पाय टेकला, कठडा धरला, सावकाश वळले. तोवर गॅलरीचे दार लागले होते. निघण्याआधी मुलगा रोज त्या दाराची खिट्टी लावतो. आज विसरला, असे लिहावे. दार वाऱ्याने लागले.

साहेब म्हणाले, "आजी, खिट्टी आतून आहे, वर सरकवावी लागते. वारा कसा सरकवेल?" मी म्हणाले, "आमचा वारा शहाणा आहे साहेब. दार उघडं टाकून जात नाही."

जमिनीवर बसले असते तर उठता आले नसते, म्हणून उभी राहिले. पाठीत कळ आली की पाय बदलत होते. ओरडले नाही. ओरडले असते तर सगळ्या गल्लीला कळले असते. एक वाजता आत फोन वाजला. मुलगा रोज एकला करतो. वाजून थांबला, परत वाजला नाही. त्यानंतर तीनपर्यंतचे काही लिहू नये. लुगडे बदलून मगच ठाण्यात आले आहे.

तीनच्या सुमारास सलूनवाल्याने मला पाय उचलताना पाहिले आणि खालून ओरडला, "आजी, उडी मारू नका!" मी म्हणाले, "मेल्या, मला जिना उतरवत नाही, मी कठडा काय चढणार?" त्याने तरी पोलिसांना कळवले. तीन वीसला पोलिसांनी कुलूप तोडून मला आत घेतले. मग मुलाला बोलावले.

गाडीत मुलगा कानाशी म्हणाला, "आई, काही आठवत नाही म्हण." मला सगळे आठवते. आठवत नाही म्हटले की वृद्धाश्रम. तिथला अर्ज टीव्हीखालच्या खणात आहे, निम्मा भरलेला. खण उघडायला वाकावे लागत नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खुर्ची तेवढी परत गॅलरीत ठेवावी.

मुलगा बाहेर बाकावर बसून जाळीवाल्याशी फोनवर बोलतो आहे. गॅलरी पूर्ण बंद करायची म्हणतो. इथपर्यंत ऐकू येते.

हा जबाब मला वाचून दाखवला. मुलाचे काही चुकले असे त्यात कुठे नाही, एवढे दोनदा वाचायला लावले. सांगितला तसाच आहे, म्हणून उभ्यानेच सही करते. फक्त मुलगा जाळीवाल्याला कठड्याची उंची तीन फूट सांगतो आहे. ती साडेतीन आहे. सहा तास धरून उभी होते, त्याला कळवावे.