घरात माणसं किती

कतारगामच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी जणी उभ्या होत्या.

"पुष्पामावशी, ती सर्वेवाली आली होती का परत?"

"काल आली. तिसरी फेरी तिची. पहिल्या फेरीला मी योगराजचं नाव सांगून बसले."

"व माय! त्याला जाऊन दीड वर्ष झालं."

"घरात माणसं किती, असं तिनं विचारलं आणि तोंडातून तीन निघालं. चंचल, काल मनात म्हटलं, खरं सांगून पोराचं नाव कमी करू."

"मग?"

"म्हणाली, मावशी, थट्टा करता का? दुसऱ्या फेरीला तुम्ही दोघं कामावर होता, तेव्हा योगराजनंच दार उघडलं."

"पण तेव्हा तर कुलूप असतं."

"हनुवटीवरचा व्रणसुद्धा सांगितला तिनं. म्हणाली, फार तहानलेला होता, माझी अख्खी बाटली प्यायला."

"मावशी, आखाजीच्या सणाला गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तशी त्याची भरली होतीस ना?"

"नाही. घागर भरली म्हणजे तो गेला, असं मानावं लागतं."

"आता तरी भर, माय. पाण्यावाचून फिरतोय पोरगा."

"घागर घ्यायलाच निघाले. पण चंचल, पाणी मिळाल्यावर तो पुन्हा दार उघडेल का गं?"